नानकटाईची गोष्ट : भट्टी, सोडा आणि तूप

१९९० च्या आसपासची गोष्ट. दिवाळीला आठवडा उरला की डोंबिवलीतल्या आमच्या घराजवळच्या बेकरीसमोर संध्याकाळी रांग लागत असे. ही रांग पाव घेणाऱ्यांची नसे. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात फडके बांधलेला डबा असे आणि डब्यात घरी मळलेले नानकटाईचे पीठ. भट्टीवाले काका वापरून काळे पडलेले पत्रे देत. बायका बाकावर बसून गोळे वळत, त्यावर एकेक चारोळी दाबत आणि पत्र्याच्या कडेला आपल्या नावाची चिठ्ठी अडकवत. किलोच्या हिशेबाने मजुरी द्यायची आणि तासाभराने गरम डबा छातीशी धरून घरी यायचे. डबा धरून रांगेत उभे राहणे हे आमचे काम होते.

तेव्हा एका गोष्टीचे आम्हाला मोठे कोडे वाटे. भट्टी एक, दिवस एक, मैदा बहुधा एकाच वाण्याकडचा. तरी कोणाची नानकटाई टपोरी होऊन वर सुरेख भेगा पडत, कोणाची पसरून पोळीसारखी होई, तर कोणाची दगडासारखी कडक निघे. रांगेतल्या बायकांकडे याची उत्तरे असत. "तूप पातळ झालं होतं", "सोडा जास्त पडला", "भट्टी उतरली होती". पुढे रसायनशास्त्र शिकल्यावर ध्यानात आले की ही तीनही उत्तरे बरोबर होती. घरच्या भाजकामाचा सगळा इतिहास मेद, वायू आणि उष्णता या तीन गोष्टींभोवतीच फिरतो. तो इतिहास येथे सांगायचा आहे. त्यात विज्ञानाने स्वयंपाकघराला दिलेली देणगी आहे, तशीच विज्ञानाची एक मोठी चूकही आहे.

सुरतेची दंतकथा

प्रथम नाव पाहू. 'नान' हा रोटीसाठी असलेला फारसी शब्द. 'खताई' या उत्तरपदाचा संबंध उत्तर चीनच्या 'खता' या जुन्या नावाशी जोडला जातो. अफगाणिस्तानात 'कुल्चा-ए-खताई' या नावाचा असाच भुसभुशीत पदार्थ होतो. मराठीत येताना 'नानखताई'ची 'नानकटाई' झाली.

नानकटाईच्या जन्माची कथा सुरतेची आहे. एका डच जोडप्याने तेथे पावाची बेकरी काढली होती. डच परत जाऊ लागले तेव्हा ती फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी कारागिराच्या हाती आली. पाव ताडीने फुगवलेला असे, म्हणून स्थानिक लोक तो घेईनात. उरलेला पाव वाळवून विकता विकता वाळलेल्या पावाचीच मागणी वाढली. मग पिठातून ताडी आणि अंडी काढून टाकली गेली, आणि मैदा, साखर व तूप यांची नानकटाई उरली.

ही कथा अनेक ठिकाणी 'सोळाव्या शतकाच्या अखेरीस' घडली म्हणून छापलेली आढळते. विद्यार्थ्यांना इतिहासाचे साधन तपासायला शिकवायचे असेल तर हे उदाहरण उत्तम आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापनाच १६०२ सालची. सुरतेची डच वखार त्यानंतरची, आणि ती इंग्रजांकडे गेली १८२४ च्या तहानुसार. तेव्हा डच परत जाण्याचा प्रसंग सोळाव्या शतकात घडणे शक्य नाही. कथेत तथ्य असेल तर ती एकोणिसाव्या शतकातली असली पाहिजे. दोतीवाला घराण्याच्या बेकरीचे साल १८६१ सांगितले जाते, तेही याच्याशी जुळते.

कथेतला विज्ञानाचा भाग मात्र पटण्यासारखा आहे. वाळलेल्या पावात पाणी फारच थोडे राहते, म्हणून त्यावर बुरशी येत नाही आणि तो महिनाभर टिकतो. ताडीतले किण्व काढून टाकले की पीठ आपणहून फुगत नाही. मग ते खुसखुशीत करायचे काम तुपावर आणि पुढे सोड्यावर येऊन पडते.

ओव्हन नसलेले घर

आपल्याकडे भाजलेले पदार्थ घरी फारसे का झाले नाहीत? याचे साधे कारण चूल. चुलीची उष्णता खालून येते. भाकरी, पोळी, थालीपीठ यांना ती पुरते, कारण ती पातळ असतात आणि उलटता येतात. केक किंवा नानकटाई उलटता येत नाही. तिला सगळीकडून सारखी उष्णता लागते.

आपल्या भागातल्या गृहिणींनी या अडचणीवर फार पूर्वी तोड काढली होती. ठाणे-कल्याण भागातल्या कायस्थ प्रभू घरांत भानोले करताना पातेल्याखाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवत. ठाणे व वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळला होणारे 'थाली स्वीट' रवा, नारळ, बदाम आणि अंडी यांचे असते. तेही थाळीत ओतून खाली-वर निखारे ठेवून भाजत. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली, तोवर हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. तेव्हा येथे भाजकामाची ओळख आगगाडी येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

बेकरीची भट्टी ही याच तत्त्वाची मोठी आवृत्ती. विटांच्या घुमटात लाकूड पेटवायचे. विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर भाजायचे. भट्टी कडक असते तेव्हा पाव आत जातो. ती उतरू लागली की खारी, टोस्ट आणि शेवटी नानकटाई. आमची रांग संध्याकाळीच का लागे, याचे उत्तर हे आहे. नानकटाईत तूप आणि साखर भरपूर, त्यामुळे कडक भट्टीत ती आत शिजण्याआधी वरून करपते. उतरती उष्णता तिला मानवते. भट्टीवाले काका मूठभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होते हे पाहत. त्यांचा उष्णतामापक तोच.

डोंबिवली-कल्याणच्या चाळींत आणि एका खोलीच्या घरांत निखारे मावेनात. घराघरांत गॅस आला, आणि मग कुकरमधला केक आला. कुकरची शिटी व रबरी कडे काढून टाकायचे, तळाला बोटभर वाळू पसरायची, वर जाळी ठेवून केकचे भांडे झाकायचे. वाळूचे काम दोन प्रकारचे. ज्योतीची एकाच जागची आच ती पसरवते, आणि उष्णता धरून ठेवून तापमानाचे चढउतार कमी करते. म्हणजे भट्टीच्या विटांचेच काम वाळू करते. कुकर असा कोरडा तापवणे त्याच्या आरोग्याला चांगले नाही. ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी जुने जाड पातेले घ्यावे. पुढे ॲल्युमिनियमचा विजेवर चालणारा गोल ओव्हन आला आणि एखाद्याच्या घरी असलेला हा ओव्हन मजलाभर फिरू लागला.

या कुकरातला केक बहुधा टूटी-फ्रूटीचा असे. टूटी-फ्रूटी म्हणजे कच्च्या पपईच्या फोडी साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेल्या. युरोपातल्या फळांच्या केकमध्ये मनुका, संत्र्याच्या साली आणि चेरी असतात. तत्त्व एकच. साखर फळातले पाणी बांधून ठेवते, जंतूंना ते वापरता येत नाही, म्हणून फळही टिकते आणि केकही. अंडे न खाणाऱ्या घरांनी अंड्याऐवजी आटवलेले गोड दूध वापरले. त्यातली प्रथिने आणि साखर केकला आकार व ओलावा देतात, आणि फुगवण्याचे काम सोडा किंवा बेकिंग पावडर करते. बेकिंग पावडरचा इतिहासही मजेदार आहे. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड या औषध विक्रेत्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये ही भुकटी तयार केली. ती आपल्याकडच्या अंडे न खाणाऱ्या घरांच्या उपयोगी पडली.

फुगवणारा वायू

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते व मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, राहतो. "सोडा जास्त पडला" की नानकटाई साबणासारखी लागते आणि तिच्यावर तपकिरी ठिपके पडतात, ते या उरलेल्या क्षारामुळे. आमची आई पिठात चमचाभर आंबट दही घाली. दह्यातले लॅक्टिक आम्ल सोड्याशी संयोग पावते, वायू थंड पिठातच निघू लागतो आणि क्षार उरत नाही. 'आम्ल अधिक क्षार' हा धडा असा परातीत होत असे. सोडा स्वस्त झाला तो एकोणिसाव्या शतकात रासायनिक कारखान्यांमुळे. आपल्या देशात मिठापूरचा टाटांचा रसायन उद्योग १९३९ मध्ये स्थापन झाला.

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्ताने आम्ही काही महिने नॉर्वेत होतो. नाताळच्या आधी तेथील घरांत लोण्याची बिस्किटे करण्याची धांदल असते. चांगल्या घरी सात प्रकार झाले पाहिजेत असा जुना संकेत. फराळाच्या ताटात चिवडा, चकली, करंजी मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावे लागत नाही. ज्या घरी आम्ही राहत होतो तेथील आजीबाईंनी बिस्किटांचा पत्रा ओव्हनमध्ये घातला आणि थोड्याच वेळात घरभर अमोनियाचा उग्र वास सुटला. आम्हाला प्रयोगशाळेची आठवण झाली. त्यांच्या डबीवर नाव होते 'हरणाचे शिंग'!

नाव खरेच आहे. हरणाची शिंगे बंद भांड्यात तापवून हा क्षार पूर्वी मिळवत असत. आता तो कारखान्यात होतो, आणि तो मुख्यतः अमोनियम बायकार्बोनेट असतो. तापला की त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. मागे काहीच उरत नाही, म्हणून साबणाची चव नाही. मात्र जाड, ओलसर केकमध्ये अमोनिया पाण्यात विरघळून आतच राहील. म्हणून तो फक्त पातळ, कोरड्या बिस्किटांसाठी. आपल्याकडचे बेकरीवालेही बिस्किटांत हा अमोनिया वापरतात.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. सोडा असो की अमोनिया, हा वायू पिठात नवे बुडबुडे निर्माण करत नाही. आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरून तो त्यांना मोठे करतो. ते बुडबुडे येतात तूप फेसण्यातून. तूप आणि साखर परातीत तळहाताने पांढरी होईपर्यंत फेसायची, हे काम आमच्याकडे अर्धा तास चाले. पांढरा रंग म्हणजे तुपात अडकलेली हवा. "तूप पातळ झालं होतं" याचा अर्थ आता उलगडतो. पातळ तुपात हवा टिकत नाही. म्हणून गोळा पसरतो. नॉर्वेतल्या आजीबाईंना गारठ्यामुळे ही चिंता नव्हती. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमची आजी परात गार पाण्यावर ठेवून फेसायला सांगे.

तुपाची जागा कोणी घेतली?

आता तिसरी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची. नानकटाईतला मेद मैद्याच्या कणांभोवती लेप धरतो. त्यामुळे मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळत नाही, त्यांचे लांब चिवट धागे बनत नाहीत आणि बिस्किट तोंडात विरघळते. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नाही. नानकटाई नॉर्वेच्या बिस्किटापेक्षा अधिक भुसभुशीत लागते याचे हे एक कारण.

पण तूप महाग. येथे रसायनशास्त्र मदतीला आले. फ्रान्समधील पॉल साबातिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की निकेल धातूच्या बारीक भुकटीच्या सान्निध्यात हायड्रोजन असंपृक्त संयुगांशी जोडला जातो. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये याच उत्प्रेरकाने पातळ तेल घट्ट करण्याचे एकस्व घेतले. नॉर्वेत १९१२ मध्ये फ्रेड्रिकस्टाड येथे कंपनी निघाली ती देवमाशाचे तेल घट्ट करण्यासाठी. ते पुढे मार्गारिनमध्ये जाऊ लागले. आपल्याकडे अशी घट्ट चरबी आधी हॉलंडहून येत असे. लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. आयात करणाऱ्या डच व्यापाऱ्याचे 'दादा' हे नाव राहावे म्हणून त्यात लिव्हरचा 'ल' घातला, असे सांगतात. सुरतेच्या कथेनंतर डच मंडळी येथे दुसऱ्यांदा भेटतात.

वनस्पती तूप स्वस्त होते, टिकाऊ होते आणि बेकरीच्या कामाला तर सरसच होते. साजूक तुपाचा रवा जाड असतो. वनस्पती तुपाचे स्फटिक बारीक असल्याने त्यात हवा चांगली अडकते आणि उकाड्यातही ते घट्ट राहते. आमच्या घरीही तेच आले. रांगेतल्या बहुतेक डब्यांतही तेच होते. टपोरी, भेगा पडलेली जी नानकटाई आम्ही हेव्याने पाहत असू, ती बहुधा वनस्पती तुपाचीच असे.

विरोध झाला नाही असे नाही. १९५० च्या सुमारास वनस्पती तुपावर बंदी घालण्याचे विधेयक संसदेत येऊन मोठा वाद झाला. भेसळीची चिंता मोठी होती. त्यावरचा उपाय रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडावा असा आहे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. तिळाच्या तेलाला फुरफुराल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने लाल रंग येतो. तेव्हा साजूक तुपाच्या नमुन्याला तो रंग आला की भेसळ उघडी पडते. म्हणजे पदार्थातच त्याची खूण पेरून ठेवली.

आमच्या आजीची तक्रार मात्र वेगळी होती. "टाळूला चिकटतं," ती म्हणे. आम्हाला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटे. पुढे पुस्तकात वाचले की वनस्पती तुपाचा द्रवणांक नियमानुसार ३१ ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत असू शकतो. शरीराचे तापमान ३७. ज्याचा काही भाग तोंडात वितळत नाही तो टाळूला चिकटणारच. आजीने द्रवणांकाचे अचूक निरीक्षण केले होते. आम्ही ते नोंदले नाही.

तिचे निरीक्षण जेथे थांबले तेथून पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण होताना सगळे दुहेरी बंध नाहीसे होत नाहीत. जे उरतात त्यांतल्या काहींची रचना बदलते. 'सिस' रचनेतली वाकडी शृंखला 'ट्रान्स' होऊन सरळ बनते. सरळ शृंखला एकमेकींना लागून नीट बसतात, म्हणून तूप घट्ट होते. ट्रान्स मेदाम्ले दुधातुपातही थोडी असतात. काही वनस्पती तुपांत मात्र त्यांचे प्रमाण एकूण मेदाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक आढळले. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या दोघा शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की ट्रान्स मेदाम्लांमुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. हे दोघेही डच! आम्ही डबा घेऊन रांगेत उभे होतो त्याच सुमारास हा निबंध छापला गेला.

डेन्मार्कने २००३ मध्ये मेदातील ट्रान्सचे प्रमाण २ टक्क्यांवर आणणारा नियम केला, नॉर्वेने २०१४ मध्ये. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. नॉर्मान यांच्या एकस्वापासून यास १२० वर्षे लागली.

यावरून 'रसायन वाईट आणि जुने ते सोने' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. साजूक तुपात संपृक्त मेद निम्म्याहून अधिक आहे. तेही बेताने खायचे. सोडाही रसायनच आहे आणि तो निरुपद्रवी ठरला. चूक हायड्रोजनीकरण करण्यात नव्हती. नवा पदार्थ कोट्यवधी लोकांच्या रोजच्या जेवणात गेला आणि त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे काटेकोरपणे तपासायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली, ही चूक. ती दुरुस्तही विज्ञानानेच केली. पण मधल्या काळात जे खाल्ले गेले ते परत घेता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

'तेल अधिक हायड्रोजन, उत्प्रेरक निकेल, बरोबर वनस्पती तूप' हे समीकरण आम्ही शाळेत एका ओळीत शिकलो. शिक्षकांनी त्या ओळीखाली पुढचा इतिहास सांगावा असे आम्हाला मनापासून वाटते. मुलांना विज्ञानाचे यश आणि विज्ञानाची दुरुस्ती एकाच उदाहरणात पाहायला मिळते, असे प्रसंग पाठ्यपुस्तकात थोडे आहेत.

एक सोपा प्रयोग सुचवतो. तीन परीक्षानळ्यांत साजूक तूप, लोणी आणि बेकरीत मिळणारे मार्गारिन एकेक चमचा घ्या. नळ्या थंड पाण्याच्या पेल्यात ठेवून पाणी हळूहळू तापवा आणि प्रत्येक पदार्थ कोणत्या तापमानाला पूर्ण वितळतो ते लिहा. कोणता ३७ अंशांच्या वर जातो? मग मुलांना घरी पाठवून आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारायला सांगा. तुमच्या घरी नानकटाई किंवा केक कशावर भाजत? आणि त्यात कोणते तूप घालत, ते कधी बदलले? तीस मुलांच्या वह्या एकत्र केल्या की तुमच्या गावाचा एक छोटा इतिहास तयार होईल.

हे काम लांबणीवर टाकू नये. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मूठभर पीठ टाकून भट्टीचे तापमान ओळखणारी माणसे आणि परातीत तूप किती फेसायचे हे हाताने जाणणाऱ्या बायका आता वयस्कर झाल्या आहेत. आमच्या आजीला आम्ही विचारले नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना अजून विचारता येईल.